विलायती पदवी, सनद आणि पेढीतील जागा

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कात्रज हे पूर्वी शहराबाहेरचे गाव. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत तेथील तळ्याचे पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत आणले गेले, एवढीच त्याची ओळख जुन्या पुणेकरांस असे. आज घाटाच्या पायथ्यापर्यंत इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांतून शिकलीसवरलेली, नोकरदार कुटुंबे राहतात. अशा एखाद्या घराची कल्पना श्रोत्यांनी करावी. घरातील मुलीने पुण्याच्या कॉलेजातून कायद्याची पदवी मिळवली आहे. आता एक वर्ष विलायतेत राहून एलएल.एम. ही पदव्युत्तर पदवी घ्यावी आणि तेथेच एखाद्या मोठ्या आंतरराष्ट्रीय वकिली पेढीत, म्हणजे ज्यांना हल्ली लॉ फर्म म्हणतात अशा ठिकाणी, नोकरीस लागावे, असा तिचा बेत आहे. रात्रीची जेवणे आटोपली आहेत आणि टेबलावर कर्जाचा अर्ज पडलेला आहे. लंडनच्या नामांकित महाविद्यालयाची एका वर्षाची फी तीस हजार पौंडांच्या पुढे जाते. राहण्याखाण्याचा खर्च निराळा. पौंडास शंभराहून अधिक रुपये पडतात, तेव्हा हिशेब ज्याचा त्याने करावा. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास बँका बहुधा तारण मागतात, आणि ह्या घरात तारण ठेवण्याजोगी वस्तू एकच, ती म्हणजे राहती सदनिका.

मुलीचा बेत वेडगळ नाही. असे बेत पार पडलेले आहेत. मात्र ह्या बोलण्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकच समजून चालण्याची चूक फार वेळा होते. विद्यापीठ देते ती पदवी. वकिली करण्याचा अधिकार देते ती सनद, आणि ती विद्यापीठ देत नाही. तिसरी गोष्ट पेढीतील जागा. ती विद्यापीठही देत नाही आणि सनद देणारी संस्थाही देत नाही. ह्या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या दारांवर मिळतात, आणि एक हाती आली म्हणजे दुसरी आपोआप मागे येते असे नाही. हे समजण्यास पुण्याच्याच एका विद्यार्थिनीची हकीकत उपयोगी पडेल.

कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचा जन्म १८६६ साली नाशिकास झाला. बालपणाचा काही काळ बेळगावास व पुढचा पुण्यास गेला. त्यांच्या आई फ्रान्सिना सोराबजी ह्यांनी पुण्यात शाळा चालवल्या. कॉर्नेलियाबाई डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. तशा गुणांच्या विद्यार्थ्यास विलायतेस जाण्याकरिता सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती ह्यांना नाकारण्यात आली, कारण त्या स्त्री होत्या. मग इंग्लंडातील काही हितचिंतकांनी वर्गणी जमवली. वर्गणी देणारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्याही होत्या. त्या पैशावर १८८९ साली बाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथे दाखल झाल्या. बी.सी.एल. ही तेथील कायद्याची वरची परीक्षा. तिला स्त्रीने बसावे की नाही ह्यावर विद्यापीठास खास ठराव करावा लागला. १८९२ साली त्या ती परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ही परीक्षा दिलेल्या त्या पहिल्याच स्त्री होत. परंतु पदवी? ऑक्सफर्ड त्या वेळी स्त्रियांस पदवीच देत नसे. उत्तीर्ण होऊन तीस वर्षे लोटल्यावर, १९२२ साली, ती त्यांच्या पदरात पडली.

परीक्षेनंतर त्यांनी लंडनमध्ये ली अँड पेम्बर्टन ह्या सॉलिसिटरांच्या कचेरीत काम शिकण्यास आरंभ केला. आजच्या मुलीचे जे स्वप्न आहे त्याचा हा जवळजवळ पहिला हिंदी अवतार म्हणावयास हरकत नाही. पदव्युत्तर परीक्षा झाली आणि लगोलग लंडनच्या पेढीत टेबल मिळाले. पण पुढचे दार बंद होते. इंग्लंडात स्त्रियांस सॉलिसिटर वा बॅरिस्टर होण्याची कायदेशीर मोकळीक १९१९ सालच्या कायद्याने झाली. तोवर टेबलाशी बसून दस्तऐवज कितीही उत्तम लिहिले तरी खाली सही करण्याचा हक्क नाही. बाई हिंदुस्थानात परतल्या. १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. दिली, १८९९ साली अलाहाबादेस वकिलीची परीक्षा दिली, आणि तरीही सनद नाही. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींच्या कामी त्यांनी सरकारी सल्लागार म्हणून वर्षानुवर्षे काम केले. सनद मिळाली ती अलाहाबाद हायकोर्टाची, १९२१ साली, वयाची चौपन्न वर्षे उलटल्यावर.

दुसरी हकीकत ह्याच्या उलट बाजूची आहे. डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून १९१६ साली लंडनला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन अशी दोन्हीकडे त्यांनी नावे घातली. पैसा संपल्यामुळे मध्ये परतावे लागले. १९२० साली पुन्हा जाऊन अभ्यास पुरा केला व १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. १९२३ साली मुंबईस आले तेव्हा हायकोर्टाची सनद काढण्यापुरतेही द्रव्य जवळ नव्हते. नवल भथेना ह्या मित्राने ते दिले. सनद निघाली. पण मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत त्या काळी पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे. तो सॉलिसिटरकडे जाई, आणि कोणत्या बॅरिस्टरास कागद द्यावयाचे हे सॉलिसिटर ठरवी. अस्पृश्य मानलेल्या जातीच्या बॅरिस्टरास कागद देण्यास मोठ्या सॉलिसिटरांच्या पेढ्या पुढे आल्या नाहीत. दोन खंडांतील विद्यापीठांच्या पदव्या आणि खिशात सनद असूनही ह्या विद्वानाने जिल्ह्याच्या कोर्टांतील कामांवर व एका अकौंटन्सी शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकवून चरितार्थ चालवला. १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ ह्या पुस्तकावरून बागडे, जेधे व जवळकर ह्यांच्यावर खटला झाला, त्यात आरोपींच्या बाजूने लढून त्यांनी यश मिळवले, तेव्हा त्यांचे कायदेपांडित्य चार लोकांच्या नजरेस आले.

म्हणजे सोराबजीबाईंना टेबल मिळाले, सनद नाही. आंबेडकरांना सनद मिळाली, कामाचा ओघ नाही. आता तो काळ गेला, असे कोणी म्हणेल. बराचसा गेला, हे खरे. परंतु तिसरी हकीकत तितकी जुनी नाही. धनंजय चंद्रचूड हे पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांचे घराणे पुणे जिल्ह्यातील, खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, आणि वडील यशवंतराव स्वतः सरन्यायाधीश होऊन गेलेले. धनंजयरावांनी दिल्लीस कायद्याची पदवी घेतली, १९८३ साली हार्वर्डची एलएल.एम. व १९८६ साली तेथीलच डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर न्यूयॉर्कच्या सलिव्हन अँड क्रॉमवेल ह्या नामांकित पेढीत त्यांनी काही काळ काम केले. ती जागा निव्वळ योगायोगाने मिळाली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. कारण त्या काळी अशा पेढ्यांत उतरंड ठरलेली असे आणि हिंदी माणसास घेण्याविरुद्ध मोठा पूर्वग्रह होता. हार्वर्डचा विद्वान आणि सरन्यायाधीशांचा मुलगा जेथे योगायोगाचे नाव घेतो, तेथे कात्रजच्या घराने योगायोगावर सदनिका तारण ठेवण्यापूर्वी थोडे थांबून विचारणा करावी, हे उचित होय.

ह्या पेढ्या करतात तरी काय? वकील म्हटला की काळा कोट आणि कोर्टातील भाषण आपल्या डोळ्यांपुढे येते. आंतरराष्ट्रीय पेढीतील बहुसंख्य वकील कोर्टाची पायरी क्वचितच चढतात. त्यांचे काम व्यवहारांचे. मुंढव्याच्या भारत फोर्ज कंपनीने २००४ च्या सुमारास जर्मनीतील कार्ल डान पेडिंगहाउस हा कारखाना विकत घेतला, हे पुणेकरांस ठाऊक आहे. असा सौदा होतो तेव्हा घेणारा एका देशाचा, विकणारा दुसऱ्या देशाचा, कर्ज देणारी बँक कदाचित तिसऱ्या. तंटा पडल्यास कोणत्या देशाचा कायदा लागू व्हावा आणि तो कोठे सुटावा हे करारात आधीच लिहावे लागते. जगातील अनेक व्यापारी करारांत पक्षकार इंग्लंडचे नसतानाही इंग्लंडचा कायदा पत्करतात, कारण शेकडो वर्षांच्या निवाड्यांमुळे त्याचा अर्थ काय लागेल ह्याचा अंदाज व्यापाऱ्यास बांधता येतो. लवादाकरिता लंडन किंवा सिंगापूर पसंत करतात. म्हणून लंडनच्या पेढ्यांच्या शाखा सिंगापूर, हाँगकाँग, दुबई, न्यूयॉर्क अशा शहरांत पसरल्या आहेत, आणि न्यूयॉर्कच्या पेढ्यांच्या शाखा लंडनमध्ये आहेत.

नव्या उमेदवाराच्या वाट्यास ह्यातील भव्य भाग येत नाही. विकल्या जाणाऱ्या कंपनीचे शेकडो करार वाचून त्यांतील अडचणीचे कलम शोधणे, मसुद्यातील प्रत्येक व्याख्या शेवटच्या पानापर्यंत एकाच अर्थाने आली आहे की नाही हे ताडून पाहणे, सह्यांची पाने गोळा करणे, सौदा पुरा झाला म्हणजे सर्व कागद क्रमाने लावून ठेवणे, अशी कामे त्याची. आणि ह्या सर्व कामाचा हिशेब वेळेवर. बहुतेक पेढ्यांत दिवसाचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे पाडतात, आणि प्रत्येक तुकडा कोणत्या अशिलाच्या खाती घालावयाचा हे वकिलाने नोंदवावयाचे असते. शाळेच्या छत्तीस मिनिटांच्या तासाचे असे सहा तुकडे होतील! सौदा पुरा होण्याच्या आठवड्यात रात्री दोन वाजेपर्यंत बसणे अपवादाचे नाही. त्याबद्दलचे वेतनही तसेच असते. २०२४ साली लंडनमधील अग्रगण्य पेढ्यांनी नुकतीच सनद मिळालेल्या सॉलिसिटरचे वार्षिक वेतन १,५०,००० पौंडांपर्यंत नेले. हाच आकडा वर्तमानपत्रांतून येतो आणि घरोघरी पाठ होतो. त्या आकड्याच्या अलीकडचा रस्ता मात्र कोणी छापत नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगणे भाग आहे.

इंग्लंडात एलएल.एम. झाले म्हणजे कोणी सॉलिसिटर होत नाही. ती विद्येची पदवी आहे, सनदेची नव्हे. १ सप्टेंबर २०२१ पासून तेथे सॉलिसिटरकरिता नवी परीक्षा सुरू झाली. तिचे दोन भाग आहेत. पहिल्यात कायद्याच्या ज्ञानावर ३६० प्रश्न संगणकावर सोडवावयाचे. दुसऱ्यात अशिलाची मुलाखत, युक्तिवाद, मसुदा लिहिणे अशी प्रत्यक्ष कामे करून दाखवावयाची. परीक्षेखेरीज दोन वर्षांची उमेदवारी लागते आणि वर्तणुकीची चौकशी होते. आपल्याकडे मुंबईच्या सॉलिसिटरांच्या कचेऱ्यांतून आर्टिकल क्लार्कची उमेदवारी करीत, तिचीच ही भावंडे. मोठ्या पेढ्या ही दोन वर्षे एका कराराने देतात. त्यात उमेदवार बहुधा सहा-सहा महिने चार खात्यांत बसतो: कंपनी व्यवहार, बँक-कर्जे, तंटे इत्यादी. ह्या प्रत्येक बैठकीस तेथे सीट असेच म्हणतात. करार झालेल्या उमेदवाराच्या परीक्षेचा व तिच्या तयारीचा खर्चही पुष्कळ पेढ्या सोसतात.

येथे वेळेची मेख आहे. हा करार पेढ्या सुमारे दोन वर्षे आधी करतात. अर्ज शरद ऋतूत निघतात आणि कित्येकांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. सुट्टीतील काही आठवड्यांची उमेदवारी देऊन पारखलेल्या मुलांमधूनच पुष्कळ जागा भरल्या जातात. आपली मुलगी सप्टेंबरात लंडनला उतरते, खोली शोधते, थंडीचे कपडे घेते, ग्रंथालयाची वाट ओळखीची होते, आणि तोवर अर्जांची मुदत निघून गेलेली असते. आधी अभ्यास मन लावून करावा, नोकरीचे नंतर पाहावे, हा वडीलधाऱ्यांचा उपदेश एरवी सोन्यासारखा. ह्या एका ठिकाणी तो घातक ठरतो. पेढ्यांची नावे, त्यांचे अर्ज, त्यांच्या मुदती ह्यांचा तपास कात्रजला बसूनच, विमानात पाय ठेवण्यापूर्वी झाला पाहिजे. काही लंडनच्या पेढ्या बंगळूर, हैदराबाद येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून मुले थेट निवडतात. त्या मुलांस एलएल.एम.ची गरजच पडत नाही. पुण्याच्या कॉलेजांकडे त्या तितक्याशा फिरकत नाहीत, म्हणून येथल्या मुलीने स्वतःच दार ठोठावले पाहिजे.

आणखी एक मार्ग आहे, आणि तो लांबचा दिसला तरी बहुधा अधिक भरवशाचा आहे. कायद्याची पदवी हाती पडताच महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडून प्रथम येथील सनद घ्यावी आणि अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी. सनदेच्या नोंदणीस मध्यंतरी राज्याराज्यांतून हजारो रुपये घेत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कायद्यात लिहिलेल्या रकमेहून, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपयांहून, अधिक घेता येणार नाही. ज्या सनदेसाठी आंबेडकरांना मित्रापुढे हात पसरावा लागला तिची ही आजची किंमत. येथील सनद असली म्हणजे इंग्लंडच्या परीक्षेपूर्वीची दोन वर्षांची उमेदवारी माफ होते. परीक्षा तेवढी द्यावी लागते. मग मुंबईच्या एखाद्या चांगल्या पेढीत दोन-तीन वर्षे व्यवहाराचे काम करावे. लंडन व सिंगापूर येथील पेढ्यांना हिंदुस्थानाशी संबंधित सौद्यांकरिता येथील कायदा जाणणारी माणसे हवी असतात, आणि त्या पदवीपेक्षा हाताखालून गेलेले सौदे विचारतात. अशा स्थितीत एलएल.एम. करावी की न करावी, हा प्रश्नच निराळ्या उजेडात दिसू लागतो.

अमेरिकेविषयी थोडक्यात एवढेच. न्यूयॉर्कची सनदी परीक्षा हिंदी कायदा-पदवीधरास देता येते आणि तेथील एलएल.एम. त्या कामी पुष्कळांस उपयोगी पडते. पण शिक्षणानंतर तेथे काम करण्यास साधारणपणे एकच वर्ष मिळते. पुढचा परवाना सोडतीवर आहे, आणि सोडत म्हणजे सोडत. इंग्लंडात पदवीनंतर राहण्याचा जो परवाना २०२१ साली सुरू झाला तो दोन वर्षांचा ठरला. १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांस तो अठराच महिन्यांचा केला आहे.

परत आल्यास काय, हाही प्रश्न घरातील माणसे विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. १९९० नंतरच्या दशकात काही परदेशी पेढ्यांनी येथे कचेऱ्या उघडल्या होत्या. त्याविरुद्ध मुंबई हायकोर्टात अर्ज झाला, आणि डिसेंबर २००९ मध्ये कोर्टाने ठरवले की १९६१ च्या वकील कायद्यातील वकिली म्हणजे केवळ कोर्टातील काम नव्हे. सल्ला देणे व मसुदे करणे हेही त्यात येते, आणि ते येथील सनदेवाचून करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये तेच तत्त्व कायम केले. मात्र परदेशी वकिलाने अधूनमधून येऊन आपल्या देशाच्या कायद्याविषयी सल्ला द्यावा व परत जावे, एवढी मुभा ठेवली. मार्च २०२३ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम करून नोंदणी केलेल्या परदेशी पेढ्यांस परदेशी व आंतरराष्ट्रीय कायद्यापुरते, कोर्टाबाहेरचे काम करण्यास वाट दिली आणि मे २०२५ मध्ये ते नियम सुधारले. तरीही नुसती विलायती सनद येथील कोर्टात चालत नाही. येथे उभे राहावयाचे तर येथीलच सनद हवी. तीही आधी घेऊन ठेवण्याचे हे दुसरे कारण.

शिष्यवृत्तीचा शोध कर्जाच्या अर्जाआधी करावा. जमशेटजी टाटांनी १८९२ साली, म्हणजे सोराबजीबाई ऑक्सफर्डची परीक्षा उत्तीर्ण झाल्या त्याच वर्षी, परदेशी शिक्षणासाठी जो निधी काढला तो अद्याप चालू आहे. त्यातून सोयीच्या अटींवर कर्जरूपाने मदत मिळते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती उत्तम; परंतु ती घेणाराने शिक्षण संपताच दोन वर्षे स्वदेशी राहण्याची अट असते. लंडनच्या पेढीत लगेच बसू इच्छिणारीने ही अट सही करण्यापूर्वी वाचावी.

आता पुन्हा त्या टेबलावरील कागदाकडे वळू. बँका सामान्यतः अभ्यासक्रमाचा काळ व त्यावर एक वर्ष एवढी सवलत देतात. पुढे हप्ता सुरू होतो. मुलगी एका सप्टेंबरात गेली तर तिसऱ्या सप्टेंबरात पहिला हप्ता दारात येतो. पहिल्याच हिवाळ्यात अर्ज करून तिला एखाद्या पेढीने निवडले, तरी उमेदवारीचा करार कदाचित त्याच तिसऱ्या सप्टेंबरात सुरू होईल, कदाचित चौथ्या. सनदेनंतरचे मोठे वेतन त्याच्याही पुढे दोन वर्षांनी. मधल्या काळात कायद्याच्या कचेरीत साहाय्यक म्हणून, ज्याला पॅरालीगल म्हणतात ते काम मिळू शकते. वेतन बेताचे, पण इंग्लंडच्या नियमाप्रमाणे योग्य देखरेखीखाली केलेले असे काम दोन वर्षांच्या उमेदवारीत धरता येते. तेव्हा अर्जावर वडिलांनी सही करण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर बापलेकीने मिळून चार सप्टेंबर लिहावेत आणि प्रत्येकापुढे तीन रकाने आखावेत: कोणती पदवी वा परीक्षा, कोणता राहण्याचा परवाना, आणि त्या महिन्याचा हप्ता कोणाच्या पगारातून.